रिकाम्या बाटलीतले थेंब

मेहकरला बसस्टँडमागच्या गल्लीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. टीव्ही अजून गावात मोजक्याच घरांत होते. दिवसभर माझ्यापुढे ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर आणि लग्नसराईत लाऊडस्पीकरचे ॲम्प्लिफायर येत. मी इंजिनिअर नव्हतो. आयटीआय केलेलं, आणि पुढचं सगळं पोस्टानं येणाऱ्या मासिकांतून व जळक्या सुट्या भागांतून शिकलेलो.

दुकानात एक वस्तू मात्र अशी होती की ती आसपास दुसऱ्या कुणाकडे नसावी. ऑसिलोस्कोप. मलकापूरला स्टेशनजवळच्या एका भंगारवाल्याकडे मला तो दिसला. कुठल्याशा तंत्रशाळेनं मोडीत काढलेला, आत जुन्या रेडिओतल्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह, पुढे तळहाताएवढी गोल काच. नव्या ऑसिलोस्कोपचं नाव काढायची माझी ऐपत नव्हती. हा भंगारवाल्यानं लोखंडाच्या भावात दिला. एसटीत मी तो मांडीवर घेऊन बसलो आणि राजूरच्या घाटात प्रत्येक वळणाला त्याला दोन्ही हातांनी कवटाळत आलो. दोन महिने त्याच्यामागे लागल्यावर एक दिवस काचेवर हिरवी रेघ उमटली. मीटर नुसता आकडा दाखवतो. वीज एका सेकंदात शंभरदा वरखाली होत असेल तर त्याला ते कळत नाही. ऑसिलोस्कोप तेच रेघेनं काढून दाखवतो. रेघ सरळ असेल तर सगळं शांत आहे, रेघेला खळगा पडला तर काहीतरी घडलं. इतकं साधं आहे ते.

गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर एका डॉक्टरांचा बारा खाटांचा दवाखाना होता. तिथली सिस्टर देऊळघाटची. पन्नाशीची बाई, आवाज जड, चाल भराभर. एकदा ती दवाखान्याची बिघडलेली घंटा घेऊन दुकानात आली आणि घंटा दुरुस्त होईपर्यंत स्टुलावर बसून राहिली. बोलता बोलता तिनं तिची अडचण सांगितली. हगवणीचे दिवस आले की बाराच्या बारा खाटा भरतात, प्रत्येकाला सलाईन लागतं आणि पाहायला ती एकटी. नातेवाइकांना बाटलीवर लक्ष ठेवायला सांगावं तर तेही दोन-दोन दिवसांचे जागलेले. बाटली संपते, नळीत हवा येते, सुईत रक्त गोठतं, आणि मग पुन्हा शीर शोधत बसा.

“बाटली सरली की घंटी वाजन असं काई करता येते का, भाऊ?” तिनं विचारलं.

मी करतो म्हणालो. मासिकात मी अदृश्य प्रकाशाच्या दिव्यांबद्दल वाचलं होतं. इन्फ्रारेड. डाळीच्या दाण्याएवढा दिवा, तो पेटला तरी डोळ्यांना काही दिसत नाही. समोर तसाच एक काळा डोळा ठेवायचा, त्याला मात्र तो उजेड दिसतो. मधून काही गेलं की डोळ्यावर सावली पडते. मी अकोल्याहून अशा दोन जोड्या आणल्या. कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याला दोन्ही बाजूंनी भोकं पाडली, एका भोकात दिवा बसवला, दुसऱ्यात डोळा. सलाईनच्या बाटलीखाली जिथं थेंब थेंब पडतो, त्या पारदर्शक नळकांड्याला हा चिमटा लावायचा. प्रत्येक थेंबाची सावली पडली की सर्किट पुन्हा शून्यापासून मोजायला लागणार. वीस सेकंद एकही थेंब आला नाही तर बेल. सगळं टॉर्चच्या चार सेलवर, कारण गावातल्या विजेचा भरवसा नव्हता.

पहिल्यांदा ते चाललंच नाही. दिवा पेटला की नाही हेही डोळ्यांना कळत नाही, त्यामुळे आंधळ्यासारखं काम. ऑसिलोस्कोप लावला तेव्हा चूक दिसली. थेंब पारदर्शक, त्यामुळे त्याची सावली अगदी पुसट. रेघेला जेमतेम ओरखडा उठत होता. मी तो ओरखडा वाढवणारं आणखी एक सर्किट मध्ये घातलं. मग प्रत्येक थेंबाला रेघेत स्वच्छ खळगा पडू लागला. सिस्टर पाहायला आली तेव्हा मी तिला तो दाखवला. वर बाटलीतून थेंब सुटला की काचेवर खळगा. ती काही वेळ एकदा बाटलीकडे, एकदा काचेकडे पाहत राहिली आणि म्हणाली, उद्याच आणा.

तो श्रावण होता. आभाळ दिवसचे दिवस झाकलेलं. मशीन दवाखान्यात नीट चाललं. दोन महिन्यांत त्याची बेल किती वेळा वाजली असेल कोण जाणे, एकदाही चुकली नाही. मी दुपारी जेवून परतताना दवाखान्यात डोकावत असे. कुणी ओळखीचं भेटलं की मीच विषय काढी. हे लपवण्यात अर्थ नाही, मला त्याची ऐट आली होती.

आश्विनात ऊन निघालं. कापसाची बोंडं उकलायला लागली आणि गावोगावच्या विहिरींच्या पाण्यानं पुन्हा हगवण सुरू झाली. एका दुपारी मी दवाखान्यात गेलो तेव्हा पश्चिमेच्या खिडकीजवळ एक जादा खाट टाकलेली होती. तिच्यावर तिशीची एक बाई. डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच राहावी अशी. तिचा नवरा शेजारी उभा होता. माळी होता, मेहकरपासून तीन-चार कोसांवर भाजीचा मळा. बैलगाडीत, मग एसटीत असं करत बायकोला आणलं होतं. सिस्टर म्हणाली, मोठ्या मुश्किलीनं एक शीर सापडली आहे, ती गेली तर अवघड आहे. म्हणून मशीन त्याच खाटेला लावलं होतं.

तो माणूस बाटलीवरून नजर काढत नव्हता. दोन दिवस त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. उभ्या उभ्या तोल जात होता. मला त्याची दया आली आणि माझ्या मशीनची फुशारकीही होती. मी म्हणालो, “तुमी घटकाभर आडवे व्हा. थेंब थांबला की हे बेल वाजवते.”

“नक्की वाजते?”

“वाजते.”

त्यानं पुन्हा एकदा बाटलीकडे पाहिलं. मग खाटेखालच्या जमिनीवर पंचा अंथरून तो आडवा झाला. मी दाराशी पोहोचेपर्यंत त्याला झोप लागलेली होती.

साडेपाचच्या सुमाराला दवाखान्यातले मामा सायकलवर दुकानात आले. वॉर्डात झाडलोट, उचलठेव करणारे वयस्क गृहस्थ. दारातूनच म्हणाले, सिस्टरनं बोलावलंय, ताबडतोब. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारायला धजलो नाही. सायकलवर त्यांच्या मागे बसलो.

वॉर्डात शिरलो तर खिडकीच्या खाटेभोवती पडदा धरलेला. बाटली रिकामी होऊन किती वेळ झाला होता कुणालाच ठाऊक नव्हतं. नळी अर्ध्याहून जास्त कोरडी पडली होती आणि सुईपाशी रक्त काळं होऊन गोठलं होतं. बेल वाजली नव्हती. सिस्टर दुसऱ्या खोलीत एका बाळंतिणीपाशी होती. ती परत आली तेव्हा तिला हे दिसलं. तोवर बाईची नाडी इतकी बारीक झाली होती की दोन्ही हातांत शीर सापडेना. डॉक्टर घोट्यापाशी कातडी कापून शीर उघडी करत होते. त्यांनी वर न बघता मला टॉर्च धरायला सांगितला.

मी धरला. डॉक्टरांनी एकदा नुसतं “स्थिर” म्हटलं. मी डावा हात उजव्याखाली घेतला. शीर पांढऱ्या दोऱ्यासारखी होती. डॉक्टरांनी पहिल्यांदा नळी घालायचा प्रयत्न केला, ती निसटली. दुसऱ्यांदा निसटली. सिस्टर नाडीवर बोट ठेवून होती आणि तिचे ओठ मोजल्यासारखे हलत होते. मध्येच हलायचे थांबले, पुन्हा सुरू झाले. तिसऱ्यांदा नळी गेली. नव्या बाटलीतून थेंब सुटला, मग दुसरा, मग तिसरा. डॉक्टरांनी पाठ सरळ केली तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला मला दिसला.

पडद्याबाहेर तो माळी भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या गालावर अजून फरशीचा वळ होता, इतका गाढ तो झोपला होता.

बाई वाचणार की नाही हे कळायला अजून वेळ होता, पण बेल का वाजली नाही याची चौकशी तिथंच सुरू झाली. मामा म्हणाले, या गड्यानंच बटण बंद केलं असणार, या लोकांना मशीनची भीती वाटते. सिस्टर म्हणाली, चिमटा मी ओढून काढला, पण बटण मी बंद केलं की ते आधीच बंद होतं, हे मला आठवत नाही. डॉक्टरांनी मला विचारलं, “ते बटण कुणालाही बंद करता येतं का?”

“येतं,” मी म्हणालो.

तो माळी आमच्याकडे पाहत होता. फार हळू आवाजात तो म्हणाला, “माह्याच हात लागला असन, साहेब. झोपेत.”

मी काहीच बोललो नाही. आज लिहिताना मला सगळ्यात जड जातं ते हेच. कारण ते बटण मीच निवडलं होतं. सहज धक्का लागून बंद होऊ नये म्हणून मुद्दाम कडक, ओढून मग फिरवायचं. झोपेत हात लागून ते बंद होणं शक्य नव्हतं. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी मशीन उचललं आणि घरी आलो. मनात सारखं घोळत होतं, जाणूनबुजून केलंच असेल त्यानं बंद. कशावरून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन घेऊन दवाखान्यात गेलो. बाई जिवंत होती, डोळे उघडले होते. नवरा पायाशी बसलेला, त्यानं माझ्याकडे पाहून हात जोडले. मला ते सहन झालं नाही. तिला आता आतल्या खाटेवर हलवलं होतं, खिडकीची खाट रिकामी होती. मी स्टँडला रिकामी बाटली टांगली, चिमटा लावला आणि बटण चालू केलं. वीस सेकंदांत बेल वाजली. पुन्हा केलं, पुन्हा वाजली. दहा वेळा केलं, दहाही वेळा वाजली. मामा म्हणाले, पाहा, मशीनमध्ये काही खोट नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच शरम वाटली.

सिस्टर इंजेक्शनच्या सुया उकळत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. म्हणाली, “माणसाले ताप दुपारी येत असन अन् तुमी थर्मामीटर सकाळी लावसान, तं काय कळंन? काल झालं त्याच टायमाले पाहा.”

मी दुकानात जाऊन ऑसिलोस्कोप आणला. हातगाडीवर, खाली गादीची घडी घालून. डॉक्टरांना तो वॉर्डात नको होता. सिस्टरनं त्यांना काय सांगितलं माहीत नाही, पण एक दिवस म्हणून परवानगी मिळाली. काल जसं होतं तसं सगळं मांडायला मी सिस्टरला सांगितलं. तिनं एकेक आठवून केलं. स्टँड इथं होता, खुर्ची तिथं. खिडकीच्या कठड्यावर टेबलफॅन होता, तो मान फिरवत होता. तो मध्यंतरी दुसऱ्या खोलीत नेलेला, परत आणून ठेवला.

आणि तीन वाजता वीज गेली.

ऑसिलोस्कोप विजेशिवाय चालत नाही. मी खाटेवर बसून राहिलो. मशीन सेलवर होतं, ते मी चालू करून पाहत होतो. बेल वाजत होती. चार वाजता खिडकीतून ऊन आत आलं, आधी जमिनीवर, मग खाटेच्या पायावर, मग चादरीवर चढलं. काल याच वेळी ती बाई इथं पडलेली होती. साडेचार झाले. ऊन चिमट्यापर्यंत पोहोचलं. बेल वाजली. मला वाटलं, मशीनचा दोष नाहीच तर. मग तो माणूस खोटं बोलतोय किंवा त्याला आठवत नाही. पण मी पुन्हा त्या बटणाला हात लावला. ओढलं, फिरवलं. कडक होतं.

ऊन आता भिंतीकडे सरकू लागलं होतं. आणखी थोड्या वेळानं ते झाडाआड जाणार आणि मग आजचा दिवस गेला. डॉक्टर दुसरा दिवस देणार नव्हते. तो माळी बायकोच्या खाटेजवळून उठून माझ्याजवळ येऊन उभा राहिला होता. आम्ही दोघं विजेची वाट पाहत होतो, दोघांची कारणं वेगळी.

पावणेपाचला वीज आली. पंखा आधी कण्हल्यासारखा हलला, मग वेगात आला. ऑसिलोस्कोपचे व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. काचेवर हिरवा ठिपका आला, ठिपक्याची रेघ झाली.

बाटली रिकामी होती. रेघ सरळ असायला हवी होती. ती सरळ नव्हती. काही सेकंद ती सरळ राही आणि मग एकदम फणीच्या दातांसारखे खळगे पडत, एकाला एक लागून. मग पुन्हा सरळ. मग पुन्हा खळगे. मी घड्याळाकडे पाहिलं. वीस सेकंद झाले. तीस झाले. पूर्ण मिनिट गेलं. बेल वाजली नाही.

तो माझ्या खांद्यावरून पाहत होता. “बाटली रिकामी हाये ना?” त्यानं विचारलं.

“हाव.”

“मंग हे काय दिसून राह्यलं?”

मी खिडकीकडे पाहिलं. ऊन पंख्याच्या पात्यांमधून चिमट्यावर पडत होतं. पंखा मान फिरवत यायचा, पाती सूर्य आणि चिमटा यांच्यामध्ये यायची, ऊन कापलं जायचं. प्रत्येक पात्याची सावली त्या काळ्या डोळ्यावर पडत होती, अगदी थेंबाची सावली राहते तेवढाच वेळ. उन्हातही तोच अदृश्य उजेड असतो, माझ्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त. माझ्या मशीनला वाटत होतं, थेंब पडताहेत. श्रावण-भादव्यात ऊनच नव्हतं, म्हणून ते चाललं.

मी उठून पंखा बंद केला. पाती थांबली. रेघ एकदम सरळ झाली. मी मनात मोजू लागलो. विसाव्या सेकंदाला बेल वाजली, आणि त्या आवाजानं वॉर्डातल्या दोन-तीन जणांनी माना वळवल्या. पंखा पुन्हा लावला, बटण बंद-चालू करून बेल थांबवली, पुन्हा वाट पाहिली. वाजली नाही. बंद केला. वाजली.

तो माळी हळूच खाटेच्या काठावर बसला.

“तुमचा हात नव्हता लागला,” मी म्हणालो. “मशीननं धोका दिला. म्या बनवलेल्या. अन् ते बटण झोपेत हात लागून बंद होत नाई, हे मले कालच ठाव होतं. मी बोललो नाई.”

त्याला ते समजायला वेळ लागला असावा. तो हातांकडे पाहत होता. मग म्हणाला, “मी तिले अजून सांगतलं नाई. रातभर शब्द जुळवत होतो, कसं सांगाचं म्हून.”

मी डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांच्यासमोर पुन्हा सगळं करून दाखवलं. ऊन तोवर भिंतीवर चढलं होतं, पण दोनदा दाखवण्यापुरतं चिमट्यावर उरलं होतं. डॉक्टरांनी शांतपणे पाहिलं. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी विचारलं, “बटणाचं तुम्हाला काल माहीत होतं?”

“होतं.”

“मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो. मी अर्धंच उत्तर दिलं.”

ते त्या माळ्याकडे वळले आणि म्हणाले, काल माझ्यासमोर तुमच्यावर ठपका आला, तो चुकीचा होता. एवढं बोलून ते राउंडला गेले. मामा मान खाली घालून चादर बदलू लागले.

बाईला सांगायचं काम मी स्वतःकडे घेतलं. ती क्षीण होती, पण ऐकत होती. मी सांगितलं, तुमच्या घरधन्याला मीच झोपायला सांगितलं, बेल वाजेल म्हणून शब्द दिला आणि ती वाजली नाही. पंख्याचं, उन्हाचं मी सांगायला लागलो तसे तिनं डोळे मिटले. मला वाटलं, तिला राग आला. पण ती नवऱ्याला म्हणाली, “मंग आज तरी निजा तुमी. तुमचे डोये पाहा कसे झाले.”

सिस्टरनं त्याला हाताला धरून बाजूच्या खोलीत नेलं आणि त्या संध्याकाळी ती स्वतः त्या खाटेजवळ स्टूल घेऊन बसली. मी ऑसिलोस्कोप हातगाडीवर चढवून घरी आलो.

मशीन फेकून द्यायचं माझ्या मनात आलं. दोन दिवस ते दुकानात कपाटाखाली पडून होतं. तिसऱ्या दिवशी सिस्टर आली आणि विचारून गेली, काऊन बसून राह्यले, खोट सापडली ना? मग मी कामाला लागलो. दिवा नुसता जळत ठेवण्याऐवजी तो सेकंदाला हजारो वेळा लुकलुकेल असं केलं आणि डोळ्यामागे असं सर्किट घातलं की तेवढ्याच लुकलुकण्याकडे ते लक्ष देईल; ऊन, बल्ब, पात्याची सावली हे सगळं त्याला दिसलं तरी मोजायचं नाही. हे ऑसिलोस्कोपशिवाय मला जमलंच नसतं, कारण इतक्या वेगाचं काहीच डोळ्यांना दिसत नाही. चिमट्याला वरून काळ्या कापडाची टोपी शिवली. दवाखान्यातलाच पंखा मागून आणला. आठ दिवस रोज दुपारी दुकानाच्या पायरीवर उन्हात पंखा आणि रिकामी बाटली घेऊन बसलो. गल्लीतले लोक हसायचे. मी रेघेकडे पाहत बसायचो. ती सरळ राहिली की पंखा जवळ न्यायचो, लांब न्यायचो, आरशानं ऊन पाडायचो. एकदा आरशाच्या उन्हात बेल उशिरा वाजली, तेव्हा सगळं उकलून पुन्हा जोडलं.

डॉक्टरांनी मशीन पुन्हा घेतलं, पण अटीवर. प्रत्येक पाळीला रिकामी बाटली टांगून बेल वाजते का ते पाहायचं, आणि बेल असली तरी दर थोड्या वेळानं कुणीतरी बाटली डोळ्यांनी बघायचीच. सिस्टरनं हे इतकं अंगी बाणवलं की मी आलो की ती माझ्यादेखत मुद्दाम चाचणी घ्यायची. एखाद्या नातेवाइकाला मशीनवर भरवसा ठेवून डुलकी घेताना पाहिलं की ती त्याला हलवायची, आणि मग दुसऱ्या कुणाला तरी त्याच्या जागी बसवायची. कुणालाही “झोपा, ते वाजेल” असं मी पुन्हा कधी म्हणालो नाही.

ती बाई नवव्या दिवशी घरी गेली. घोट्याला टाके होते, पाय टेकवताना लंगडत होती. दोघं बसस्टँडकडे जाताना गल्लीतून गेले. त्याच्या डोक्यावर अंथरुणाची वळकटी होती. मी दारात आलो. तो थांबला, मला वाटलं काही बोलेल. त्यानं एका हातानं वळकटी सावरली, दुसऱ्यानं बायकोचा दंड धरला आणि नुसती मान हलवली. गाडी लागलेली होती, त्यांना जागा मिळायला हवी होती.